सिझन नव्वद दिवसांचा, अपील साठ दिवसांचं



दसरा जवळ आला की आपल्या पाड्यांवर दोन प्रकारची माणसं फिरायला लागतात. पहिला वीटभट्टीचा मुकादम. त्याला आपण आज्या-पणज्यापासून ओळखतो. तो उचल देतो आणि अख्खं कुटुंब ट्रकमध्ये भरून नेतो. त्याच्याविषयी या पत्रकात अनेकदा लिहून झालं आहे. दुसरा माणूस नवा आहे. तो मोटरसायकलवर येतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, पोरांना नावाने हाक मारतो. कुणाचा तरी तो मावसभाऊच निघतो. तो भट्टीचं नाव काढत नाही. तो म्हणतो, "हॉटेल लाईनला चला. सिझन सुरू होतोय. दहावी-बारावी झालेली पोरं पाहिजेत. डोक्यावर विटा नाय, पायाला चिखल नाय. काळी पँट, पांढरा शर्ट, पंख्याखाली काम. जेवण-राहणं फुकट, वर टीप."

गेल्या साली आम्ही त्याच्याबरोबर गेलो. आम्ही म्हणजे दोन पाड्यांची मिळून अकरा पोरं. त्यातले सात बारावीपर्यंत शिकलेले. ते सगळं काय झालं ते लिहायचं असं आम्ही पावसाळ्यात आवणीच्या वेळी ठरवलं होतं, पण कामात राहून गेलं. आता राहून चालणार नाही. तो माणूस यंदा पुन्हा आला आहे. यंदा त्याला वीस पोरं आणि आठ मुली पाहिजेत.  दसऱ्याच्या आत गावाने काय ते ठरवायला पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. "हॉटेलात जाऊ नका" असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. घरात मीठ-मिरची संपली की कुणी कुठे जावं हे दुसऱ्याने शिकवायचं नसतं. आमचं म्हणणं वेगळं आहे. आपण ज्या पद्धतीने जातो, गुपचूप, एकेकटे, दलालाच्या मागे, कागद त्याच्या हातात देऊन, त्या पद्धतीने आपली मजुरीही बुडते आणि जमीनही बुडते. मजुरी बुडालेली दिसते. जमीन बुडालेली उशिरा दिसते.

आधी मजुरीचा हिशोब

आम्ही निघालो ती तारीख होती १० ऑक्टोबर २००८. परत आलो ७ जानेवारीला. बरोबर नव्वद दिवस. हॉटेल महामार्गालगत आहे. पुढे जेवणाचं हॉटेल, बाजूला बार, मागे झाडीत खोल्या आणि पोहायचा तलाव. त्याचं नाव इथे छापत नाही, कारण आमचा अर्ज कामगार अधिकाऱ्याकडे चालू आहे. नावापेक्षा पद्धत महत्त्वाची. वसई-विरारपासून दमणपर्यंत ज्यांनी ज्यांनी सिझन केला त्यांना आम्ही विचारलं. सगळ्यांनी हीच पद्धत सांगितली.

सकाळी साडेसातला नाश्त्याची टेबलं लावायची, अकराला उठायची. बारा ते चार दुपारचं जेवण. साडेसहाला बार आणि रात्रीचं जेवण सुरू, ते एक वाजेपर्यंत. म्हणजे चौदा तास झाले. मधल्या वेळात झोप मिळायला पाहिजे होती, पण मधल्या वेळात ग्लास पुसणं, नॅपकिन घड्या घालणं, खुर्च्या हलवणं. झोपायचं गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली. डिसेंबरची थंडी, अकरा जणांत सहा चादरी.

पहिले दोन दिवस "ट्रायल", त्याचे पैसे धरणार नाही असं सांगितलं. आम्ही भांडलो तेव्हा धरले. गिऱ्हाइकाने ठेवलेली टीप डब्यात टाकायची. डबा कॅप्टनच्या ताब्यात. सिझन संपल्यावर वाटू असं म्हणाला. सिझन संपला तेव्हा कॅप्टन गावी गेला होता.

आता पैसे. बोली होती महिना ३००० रुपये. तीन महिन्यांचे झाले ९०००. हातात काय आलं ते एकेकाचं सारखंच आहे, म्हणून एकाचं लिहितो:

दलालाचं कमिशन – ५०० वजा
घरून निघताना दिलेली उचल – १००० वजा
काळी पँट, पांढरा शर्ट, बूट – ७०० वजा (कपडे परत काढून घेतले)
ग्लास-प्लेट फुटल्याचे – ९०० वजा
खाडे, १२ दिवसांचे – १२०० वजा
डिपॉझिट, "पुढच्या सिझनला या, तेव्हा मिळेल" – १५०० वजा
उरले – ३२०० रुपये

उचलीचे हजार धरले तरी नव्वद दिवसांचे ४२०० रुपये. दिवसाला ४७ रुपयेसुद्धा नाहीत. तासाला साडेतीन रुपयेसुद्धा नाहीत. त्याच हॉटेलात एक कप चहा २५ रुपयांना होता. आम्ही सात-आठ तास उभं राहायचं तेव्हा एक चहा होतो. आणि तो आम्हीच नेऊन द्यायचा.

खाड्याचं तर ऐकाच. २६ नोव्हेंबरला मुंबईत हल्ला झाला. त्यानंतर गिऱ्हाईक एकदम तुटलं. मॅनेजर म्हणाला, टेबल नाही तर पगार नाही. असे बारा दिवस लावले. पण त्या बारा दिवसांत आम्ही बसून होतो का? बागेतलं गवत काढलं, कुंपणाला रंग दिला, तलाव घासला. ती कामं खात्यात कुठेच नाहीत. शेठला धंदा झाला तर फायदा शेठचा. शेठचा धंदा बसला तर नुकसान आमचं. असा हा पंख्याखालचा रोजगार आहे.

शेठ म्हणतो, "आम्ही रोजगार देतो"

आम्ही अर्ज दिल्यावर शेठचा माणूस पाड्यावर आला होता. म्हणाला, "अरे, आम्ही तुम्हाला दोन वेळ जेवू घातलं, चार माणसांत वागायला शिकवलं, आणि तुम्ही केस करता?"

त्याला आणि त्याच्यासारखं बोलणाऱ्या सगळ्यांना उत्तर असं आहे. रोजगार म्हणजे उपकार नाही. त्याला कायदा आहे. हॉटेल-उपाहारगृह हा धंदा १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत होता. सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी देता येत नाही, कामगार "चालेल" म्हणाला तरी देता येत नाही. तेव्हाचा मुंबई दुकाने व आस्थापना कायदाही १९४८ चाच होता. त्यात हॉटेल कामगाराला दिवसाला नऊ तास काम आणि आठवड्याला एक सुट्टी होती. वरच्या तासांना दुप्पट दर. आम्हाला नव्वद दिवसांत एकही सुट्टी मिळाली नाही. उलट खाडे मिळाले.

आणखी एक ऐका. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एशियाड कामगारांच्या खटल्यात निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ प्रमाणे सक्तीची मजुरी, म्हणजे वेठ. हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या आज्याने वेठ केली. लग्नाला पैसे घेतले म्हणून नवरा-बायको दोघं सावकाराकडे लग्नगडी राहिले. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले, गोदूताई परुळेकर तिथे होत्या, आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि आपली माणसं मेली.

१० ऑक्टोबर. आम्ही पँट-शर्टाच्या आशेने टेम्पोत बसलो तीच तारीख. आमच्यातल्या एकालाही त्या दिवशी ती आठवली नाही. याची आम्हाला लाज वाटते आणि म्हणून ते लिहितो.

त्याच तारखेचं आणखी एक आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलात, धाब्यावर चौदा वर्षांखालचं पोर कामाला ठेवायला बंदी आहे. आमच्या हॉटेलात मोरीवर दोन पोरं होती. एकाचे दुधाचे दात नुकते पडले होते. तपासणीची गाडी आली की त्यांना मागच्या झाडीत पाठवायचे. पाठवायचं काम आमच्याकडे होतं. ते आम्ही केलं. हेही लिहून ठेवतो.

जातीचा दाखला कशाला पाहिजे?

आता खरी गोष्ट. मजुरी बुडाली ती एका सिझनची. हे पुढचं जन्माचं आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरने आम्हाला सांगितलं, घरून जातीचा दाखला, रेशनकार्ड आणि चार फोटो मागवा, पोलिसांना द्यायचे आहेत. आम्हाला वाटलं, मुंबईच्या प्रकरणामुळे असेल. काहींनी आणून दिले. मग एका दुपारी आमच्यातल्या एकाला ऑफिसात बोलावलं. समोर स्टँपपेपर. मॅनेजर म्हणाला, "नोकरी पक्की करायचा कागद आहे, खाली सही कर." त्याने वाचायला घेतला. मॅनेजर हसला, "वेटर कधीपासून वाचायला लागले?" पण आमचा गडी बारावीपर्यंत शिकलेला. त्याने पहिलं पान वाचलं. वर लिहिलं होतं साठेखत. लिहून देणार म्हणून जवळच्याच गावातल्या एका आदिवासी म्हाताऱ्याचं नाव. आणि लिहून घेणार म्हणून आमच्या गड्याचं नाव. जमीन हॉटेलच्या मागची, एक एकर सात गुंठे.

ज्याच्या खिशात घरी जायला भाडं नाही, तो महामार्गालगतची एक एकर सात गुंठे जमीन विकत घेत होता!

हे कसं चालतं ते समजून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. कलेक्टरची आधी परवानगी पाहिजे, आणि विक्रीला तर कलेक्टरला सरकारचीही मंजुरी घ्यावी लागते. शेठला ही कटकट नको असते. आदिवासीने आदिवासीकडून घेतली तर हे कलम आड येत नाही. म्हणून शेठला एक आदिवासी पाहिजे असतो. गरीब पाहिजे, लांबच्या गावचा पाहिजे, कागद न वाचणारा पाहिजे, आणि शेठच्या पगारावर असलेला पाहिजे. असा माणूस कुठे मिळतो? सिझनच्या वेटरांत मिळतो. सातबाऱ्यावर नाव वेटरचं, ताबा शेठचा, आणि एक कुलमुखत्यारपत्र कपाटात. वेटर सिझन संपवून ३२०० रुपये घेऊन घरी जातो आणि त्याला माहीतही नसतं, की आपण एका म्हाताऱ्या आदिवासीची जमीन बुडवली.

आमच्या गड्याने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला टेबलावरून काढून मोरीवर टाकलं. आठ दिवसांनी "वागणूक बरोबर नाही" म्हणून काढलाच. त्याला ३२०० सुद्धा मिळाले नाहीत. बाकी तिघांना पुढच्या दोन दिवसांत एकेकटं ऑफिसात बोलावलं होतं. त्यांनी सही केली की नाही, ते सांगत नाहीत. आम्ही त्यांच्यावर रागावलेलो नाही. पण आम्ही त्यांना सांगतो, भावांनो, सांगा. भिऊन गप्प राहिलात तर तो म्हातारा मरेपर्यंत कोर्टात फिरेल. तुम्ही सांगितलंत तर तोच कागद शेठच्या गळ्यात अडकेल.

ज्यांना ज्यांना हॉटेलवाल्याने जातीचा दाखला मागितला असेल, त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारा. डाळीची वाटी टेबलावर ठेवायला जातीचा दाखला कशाला लागतो?

आणि हॉटेल स्वतः उभं आहे ती जमीन कुणाची होती? आम्ही तलाठ्याकडून जुने फेरफार काढतो आहोत. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनी परत करायचा कायदा १९७४ चा आहे. त्यानंतर परवानगीशिवाय गेलेल्यांना कलम ३६-अ आहे. भिंतीवर वारली चित्रं काढली आहेत, शनिवारी रात्री गिऱ्हाइकांपुढे तारपा वाजवून नाच होतो, मेनूकार्डावर नागलीची भाकरी आहे, तिचे ६० रुपये. आपलं सगळं तिथे आहे. फक्त सातबाऱ्यावरून आपण गेलो आहोत.

गावात काय चाललं होतं?

आम्ही तिकडे टेबलं पुसत होतो तेव्हा इकडे वनहक्काचं काम चालू होतं.

तुम्हाला माहीत आहे, २००६ चा वनहक्क कायदा झाला, १ जानेवारी २००८ ला नियम आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, आपल्या नावावर होणार. फॉरेस्टवाल्याच्या दंडाच्या पावत्या ज्यांनी माळ्यावर जपून ठेवल्या त्यांना आज त्या पुरावा म्हणून कामाला येतात. दावा मंजूर करायची सुरुवात कोण करतं? साहेब नाही. ग्रामसभा. पण तेव्हा नियमात लिहिलं होतं, की ग्रामसभेला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत.

आमच्या पाड्याची ग्रामसभा १८० जणांची. १२० हजर पाहिजे होते. नोव्हेंबरच्या सभेला ४१ जण बाहेर होते, काही भट्टीवर, काही हॉटेलात. काही बाया कापणीवर होत्या, काही म्हातारे आजारी. आले १०८. बारा माणसं कमी. ग्रामसेवकाने वही मिटली आणि सभा तहकूब केली. बारा माणसं! आम्ही एकटे अकरा जण तिकडे होतो, आणि आमच्यासारखेच वर आणखी दोन दमणला. आम्ही असतो तर त्या दिवशी ३४ दावे पुढे गेले असते. ते मार्चपर्यंत अडकून पडले.

हे एक. दुसरं त्याहून वाईट.

आमच्यातल्या एकाच्या बापाचा दावा उपविभागीय समितीने नामंजूर केला. निर्णयाची तारीख २१ ऑक्टोबर. कागद आला दिवाळीच्या आसपास. बापाला अक्षर येत नाही. आय म्हणाली, पोरगा आला की वाचेल. कागद रेशनकार्डाच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवला. कायदा म्हणतो, निर्णयाच्या तारखेपासून साठ दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करा. साठ दिवस २० डिसेंबरला संपले. पोरगा आला ७ जानेवारीला. पिशवी उघडली, कागद वाचला आणि तिथेच बसला.

अपील उशिरा केलं. कचेरीत म्हणतात, मुदत गेली. संघटना भांडते आहे आणि आम्ही सोडणार नाही. दाव्यांची तपासणी पुरी झाल्याशिवाय कुणाला जमिनीवरून काढता येत नाही हेही कायद्यातच आहे, कलम ४(५). पण विचार करा. बापाने तीस वर्षं गार्डाचा मार खाऊन राखलेलं शेत, आणि ते कशासाठी अडकलं? घरात वाचणारा एकच होता आणि तो त्या वेळी दुसऱ्याला मेनूकार्ड वाचून दाखवत होता.

दलाल बारावीची पोरं का मागतो ते आता कळलं का? शिकलेलं पोर टेबलावर बरं दिसतं हे खरं. पण शिकलेलं पोर गावात नसलं की गाव आंधळं होतं. दलालाला हे ठाऊक असेल असं आम्ही म्हणत नाही. पण ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा फायदा होतो.

आपल्यातलेच काही म्हणतात

काही म्हातारी माणसं म्हणतात, "पोरं बिघडली. बारमध्ये जातात, दारू वाहतात, आपले देव विसरली." आज्या, तुझा राग समजतो. पण बारमध्ये आम्ही दारू पोचवली, चोरी केली नाही. बिघडला तो हिशोब. पोरांना शिव्या देऊन हिशोब सुधारत नाही, आणि शिव्या खाल्लेलं पोर पुढच्या साली गुपचूप जातं. गुपचूप जाणाराच फसतो.

संघटनेतले काही कार्यकर्तेही म्हणाले, "जमीनवाला माणूस दुसऱ्याची उष्टी उचलतो का?" हेही आम्हाला पटत नाही. उष्टी उचलणं कमीपणाचं नाही. आपल्या घरात बाया रोज उचलतात, तेव्हा कुणी असं बोलत नाही. कमीपणा शेठचा आहे, जो चौदा तास राबवून ४७ रुपये देतो. आपण मजूर आहोत हे लपवायचं आणि फक्त जमिनीचं बोलायचं, असं केलं तर हॉटेलातली पोरं संघटनेपासून लांब जातील. मजुरीची लढाई आणि जमिनीची लढाई दोन नाहीत. ज्याच्या हातात जमीन आहे तोच मजुरी ठरवताना "नाही" म्हणू शकतो. आणि ज्याला पूर्ण मजुरी मिळते त्याला जमीन विकावी लागत नाही.

तिसरे आहेत आमच्याच वयाचे. ते म्हणतात, "गावात आहे काय? राहून करू काय?" त्यांना आम्ही खोटं सांगणार नाही. कापणी झाली की गावात काम नाही हे खरं. पण काम मागितलं किती जणांनी? रोजगार हमीचा कायदा आपल्या महाराष्ट्रात आधी झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू आहे. नमुना ४ भरा, तारखेची पोच घ्या, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता मागा. पोच देत नाहीत म्हणून आपण सोडून देतो. पन्नास जणांनी एकत्र जाऊन मागितली तर देतात. गेल्या मे महिन्यात शेजारच्या पाड्याने बांधबंदिस्तीचं काम असंच काढलं.

मग काय करायचं?

आम्ही अकरा जणांनी बसून खालच्या अटी लिहिल्या आहेत. दसऱ्याआधी प्रत्येक पाड्याने बैठक घ्यावी, यात भर घालावी आणि ठराव करावा.

१. दलाल गावात आला तर त्याने आधी गावापुढे यायचं. कुठलं हॉटेल, मालक कोण, किती दिवस, किती पगार, हे सगळ्यांसमोर सांगायचं. ते गावाच्या वहीत लिहायचं आणि त्याची सही घ्यायची.

२. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, हॉटेलचा पत्ता आणि फोन वहीत पाहिजे. कुणी एकट्याने जायचं नाही.

३. उचल घ्यायची नाही. उचल घेतली की बोलायचं तोंड राहत नाही. कर्जात बांधून काम करून घेणं १९७६ च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे. पण आधी आपणच दोर गळ्यात घ्यायला नको.

४. जातीचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा, यांची मूळ प्रत कुणाला द्यायची नाही. झेरॉक्स दिली तर तिच्यावर तारीख आणि "फक्त ओळखीसाठी" असं लिहायचं. स्टँपपेपरवर सही नाही, कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा तर नाहीच.

५. अठरा वर्षांखालचं कुणी जायचं नाही. मुली गेल्या तर चौघी मिळून, राहायची खोली वेगळी आणि आतून कडी असलेली, आणि गावातली एक मोठी बाई आधी जागा बघून येईल.

६. रोज छोट्या वहीत लिहायचं: किती वाजता सुरू, किती वाजता बंद, किती पैसे मिळाले, काय कापलं. आमच्या अर्जाबरोबर पुरावा म्हणून अशी एकच वही होती, बाकी दहा जणांनी लिहिलं नव्हतं. मजुरी बुडाली तर ठरलेल्या मुदतीच्या आत अर्ज करावा लागतो.

७. दमण, सिल्वासाला ठेकेदारामार्फत जाणाऱ्यांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. त्यात असं होतं, की पाच किंवा जास्त माणसं नेली तर ठेकेदाराने फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, जाण्या-येण्याचं भाडं द्यायचं. ते मागा. नाही म्हणाला तर समजा, पगारालाही नाहीच म्हणणार.

८. सर्वांत महत्त्वाचं. वनहक्काच्या ग्रामसभेची तारीख असेल तर सुट्टी मिळाली पाहिजे, ही अट आधीच घालायची. आणि गावात वाचता येणारी किमान पाच माणसं सिझनभर राहतील असं पाळीपाळीने ठरवायचं. त्यांच्या घरचं नुकसान गावाने मिळून भरायचं, भाताच्या पायल्यांनी का होईना. जो कागद येईल तो त्याच दिवशी वाचायचा आणि त्याची तारीख वहीत लिहायची.

दलाल म्हणेल, एवढ्या अटी असतील तर मी दुसऱ्या गावातून पोरं नेतो. म्हणूनच हे पत्रक एका गावासाठी नाही. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, डहाणू, तलासरी, जिथे जिथे हे पोचेल तिथे वाचून दाखवा. सगळ्या गावांनी तेच सांगितलं तर तो जाणार कुठे? ३१ डिसेंबरला टेबलं तर लागणारच आहेत. त्यांना आपली गरज आहे. हे ते आपल्याला कधी सांगत नाहीत, पण नाताळच्या आठवड्यात आम्ही ते डोळ्यांनी बघितलं आहे. त्या आठवड्यात आमच्यातले दोघं तापाने पडले तर मॅनेजर स्वतः ट्रे घेऊन धावत होता.

 मतं मागायला जे येतील त्यांना विचारा, महामार्गावरच्या हॉटेलांत किमान वेतनाची तपासणी कधी झाली? वेटरांच्या नावावर किती जमिनी आहेत, त्याची चौकशी करणार का? उत्तर दिलं तर वहीत लिहा. नाही दिलं तर तेही लिहा.

आणि ज्या तिघांनी अजून सांगितलं नाही, त्यांना पुन्हा एकदा. भावांनो, त्या म्हाताऱ्याचं गाव आम्ही शोधून काढलं आहे. रविवारी आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. पहाटेच्या एसटीने, नाक्यावरून. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तरी तुमची नावं आम्ही कुणाला सांगणार नाही. पण या.

जिंदाबाद!

दोन पाड्यांचे अकरा जण